स्मृतिभ्रंशाची चाळणी मोबाइलच्या पडद्यावर

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी मुरली आहे की, आजोबा एकच प्रश्न चारदा विचारू लागले किंवा आजी नेहमीच्या वाटेवर चुकू लागली तरी ‘वय झाले आता’ एवढ्यावर विषय संपतो. वैद्यकशास्त्राला हे मान्य नाही. वयाबरोबर आठवण्याचा वेग मंदावणे स्वाभाविक आहे. मात्र स्मरण, भाषा, दिशाज्ञान आणि निर्णयशक्ती यांचा ऱ्हास होऊन रोजचे व्यवहार अडू लागणे हा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्णेची हकीकत मांडली, तिच्या आजाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि तो अल्झायमर आज स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे.

हा आजार लवकर हेरण्यासाठी आता टॅब्लेट, मोबाइल, डिजिटल पेन आणि आवाजाचे विश्लेषण करणारे संगणक पुढे आले आहेत. पाच-दहा मिनिटांत मेंदूची परीक्षा घेऊन गुण सांगणारी अॅप्सही आहेत. प्रश्न एवढाच की हे गुण नेमके कशाचे? पुण्यातील निवृत्त प्राध्यापक आणि बीड जिल्ह्यातील लिंबागणेशची कधीही शाळेत न गेलेली शेतमजूर आजी यांना एकाच पडद्यासमोर बसविले, तर यंत्र आजार मोजते की शाळा?

किती जणांना?

भारतातील आकडे बराच काळ तुकड्यातुकड्यांनी हाती येत होते. मुंबईत चाळिशीपुढील २४ हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील २.४४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आढळला होता. पुण्यातील २०१० च्या अभ्यासात हेच प्रमाण ४.१ टक्के निघाले. पद्धती वेगळ्या, निकष वेगळे, त्यामुळे तुलना अवघड.

देशव्यापी चित्र मिळाले ते ‘लासी-डॅड’ या अभ्यासातून. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा सहभाग असलेल्या ‘लासी’ या वृद्धत्वविषयक पाहणीत ४५ वर्षांपुढील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती घेण्यात आली. त्यातील साठीपुढच्या ४,०९६ जणांची दिल्लीच्या ‘एम्स’च्या पुढाकाराने आणि अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहकार्याने सखोल तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा, ग्रामीण भागात शहरांपेक्षा आणि निरक्षरांमध्ये शिकलेल्यांपेक्षा प्रमाण अधिक आढळले.

या अभ्यासात डिजिटल साधनांचा झालेला वापर पाहण्यासारखा आहे. मुलाखतकार संगणकाच्या साह्याने प्रश्न विचारून उत्तरे नोंदवीत होते. निदान मात्र संगणकाने केले नाही. एकेका व्यक्तीची सर्व माहिती इंटरनेटवरून तीन डॉक्टरांसमोर ठेवली गेली. त्यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे मत नोंदविले आणि मतभेद झाला तेथे ऑनलाइन बैठकीत निर्णय झाला. यंत्राने हमाली करायची आणि माणसाने न्याय द्यायचा, अशी ही वाटणी होती.

कागदावरून पडद्यावर

स्मृतिभ्रंशाच्या चाळणी चाचण्यांची आजी म्हणजे १९७५ ची ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ अर्थात ‘एमएमएसई’. एकूण गुण तीस. आजची तारीख कोणती, आपण कोठे आहोत, शंभरातून सात वजा करीत जा, तीन शब्द लक्षात ठेवा, कागदावरील ‘डोळे मिटा’ ही सूचना वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. कॅनडातील डॉ. झियाद नासरेद्दीन यांची २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मोका’ चाचणीही तीस गुणांचीच, पण अधिक कठीण. तीत घड्याळ काढून ठराविक वेळेचे काटे दाखवायचे असतात, घन काढायचा असतो आणि आकडे व अक्षरे आलटून पालटून रेषेने जोडायची असतात. कमी शिकलेल्यांना ‘मोका’त एक गुण जादा दिला जातो. एका गुणाने बारा वर्षांची शाळा भरून निघते, ही कल्पना उदारच म्हणायची.

डिजिटल साधनांची पहिली पिढी म्हणजे याच चाचण्या पडद्यावर आणणे. त्याचा फायदा व्यवस्थेचा: प्रश्न सर्वांना सारखेच विचारले जातात, बेरीज चुकत नाही आणि नोंद हरवत नाही.

दुसऱ्या पिढीत यंत्र कागदाला न जमणारे काम करू लागले. केंब्रिजमध्ये १९८० च्या दशकात तयार झालेल्या ‘कॅनटॅब’ या स्पर्शपटलावरील चाचण्यांत उत्तराबरोबर ते देण्यास लागलेला वेळही नोंदविला जातो. डिजिटल पेनने घड्याळ काढताना हात कोठे थबकला, पेन किती वेळा उचलले, आधी आकडे काढले की काटे, हे सारे टिपले जाते. कागदावर दोन व्यक्तींची घड्याळे सारखीच दिसतात. एकाने ते सहज काढलेले असते, दुसऱ्याने चाचपडत. हा फरक केवळ यंत्राला दिसतो. ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या एका चाचणीत छायाचित्रे क्षणभर झळकतात आणि त्यात प्राणी होता की नव्हता, एवढेच सांगायचे असते. तीत वाचन-लेखन लागत नसल्याने भाषा व शिक्षण यांचा अडसर कमी होतो.

तिसरी पिढी बोलण्याची आणि खेळण्याची. २०१६ मध्ये आलेला ‘सी हिरो क्वेस्ट’ हा मोबाइल खेळ जगभरातील चाळीस लाखांहून अधिक लोक खेळले. समुद्रात होडी हाकताना खेळाडू दिशा कशी शोधतो, याची माहिती त्यातून संशोधकांना मिळाली. अल्झायमरमध्ये दिशाज्ञान लवकर बिघडू शकते. बोलण्यातील थांबे, नेमका शब्द न सुचल्याने येणारे ‘ते... ते हे’ आणि नामाऐवजी वाढलेली सर्वनामे यांवरून ऱ्हास ओळखण्याचे प्रयोगही चालू आहेत. या प्रयोगांत वर्षानुवर्षे वापरले गेलेले एक अमेरिकी चित्र प्रसिद्ध आहे. आई भांडी पुसत आहे, बेसिन भरून पाणी वाहते आहे आणि मागे मुलगा स्टुलावर चढून बिस्किटे चोरतो आहे. या चित्राचे वर्णन करणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या ध्वनिफितींवर शिकलेले यंत्र मराठवाडी बोलीतील थांबा कसा ओळखणार? ज्या आजीने आयुष्यभर मोरीत किंवा ओट्यावर बसून राखेने भांडी घासली, तिला ते बेसिन तरी ओळखू यावे का?

लिंबागणेशची परीक्षा

लिंबागणेश हे बीड तालुक्यातील, मांजरसुंबा ते पाटोदा रस्त्यावरील गाव भालचंद्र गणेशाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७७ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ६८ टक्के. आज सत्तरीत असलेल्या स्त्रियांच्या लहानपणी शाळा ही मुख्यतः भावांसाठी होती, हे सांगायला जनगणनेची गरज नाही.

अशा आजीच्या हाती टॅब्लेट दिला तर काय होते याचा विचार करता येतो. बोटे राठ आणि कोरडी असल्याने पडदा स्पर्श नीट ओळखत नाही. यंत्र त्याची नोंद ‘विलंब’ अशी करते. मोतीबिंदूमुळे चित्र धूसर दिसते, त्याची नोंद ‘चूक’. यंत्राचे प्रमाण मराठीतील प्रश्न कमी ऐकू येणाऱ्या कानांना कळत नाहीत, त्याची नोंद ‘उत्तर नाही’. पेन्सिल आयुष्यात प्रथमच हाती घेतलेल्या माणसाला घड्याळ काढायला सांगणे ही स्मरणशक्तीची परीक्षा नव्हेच. तारखेचेही तसेच. इंग्रजी तारीख न सांगता येणारी बाई चतुर्थी किती दिवसांवर आली आणि पोळा कधी आहे हे अचूक सांगू शकते. तिचे कालभान शाबूत असते, फक्त तिची दिनदर्शिका दुसरी असते.

ही अडचण नवी नाही आणि तिच्यावर भारतात उत्तम काम झालेले आहे. १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरात डॉ. मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी ‘एमएमएसई’चा हिंदी अवतार तयार केला. तेथील ५,१२६ वृद्धांपैकी ७३ टक्के निरक्षर होते. त्यांनी शब्दशः भाषांतर टाळले. तारखेबरोबर ‘आता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ’ हेही विचारले. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन वजा करायला सांगितले. ‘डोळे मिटा’ हे वाचायला न देता ‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’ म्हणून डोळे मिटून दाखविले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायला लावले. लक्षात ठेवायचे शब्द आंबा, खुर्ची आणि नाणे. याच चमूने वृद्धांच्या नातेवाइकांसाठी वेगळी प्रश्नावली केली: जेवण झाल्याचे ते विसरतात का, गावात वाट चुकतात का, सांगितलेला निरोप योग्य माणसाला पोहोचवितात का, लग्नकार्यासारख्या घरच्या निर्णयात मत देतात का, होळी-दिवाळी लक्षात असते का. अक्षर ओळख नसलेल्या माणसाचे शहाणपण मोजण्याची ही रीत आजही अनेक चकचकीत अॅप्सना जमलेली नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत चाचण्यांचा संच विकसित केला. आरंभीच्या या यादीत मराठी नव्हती. ग्रामीण भागात संगणकीय चाचणीचा जवळचा दाखला कर्नाटकातून मिळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांपुढील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. तेथे ‘कॉग्निटो’ ही फ्रान्समध्ये उगम पावलेली संगणकीय चाचणी कन्नडमध्ये आणून, प्रशिक्षित कार्यकर्त्याच्या उपस्थितीत घेतली जाते. ग्रामस्थाला यंत्रासमोर एकटे सोडले जात नाही, हे महत्त्वाचे.

दुसऱ्या टोकाची फसगतही लक्षात घ्यावी लागते. ‘अस्तु’ या २०१३ च्या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले शास्त्री हे संस्कृतचे पंडित आहेत. असा विद्वान आजाराच्या प्रारंभी तीसपैकी अठ्ठावीस गुण सहज मिळवू शकतो आणि यंत्र त्याला ‘ठीक’ ठरविते. म्हणून डिजिटल चाचणीचे खरे बळ एका दिवसाच्या गुणांत कमी आणि वर्षा-दोन वर्षांनी तीच चाचणी पुन्हा घेऊन त्या व्यक्तीची तिच्याच जुन्या कामगिरीशी तुलना करण्यात अधिक आहे. अशी तुलना झाली तर प्राध्यापक आणि शेतमजूर दोघांनाही न्याय मिळतो.

आशाताईंचा एक प्रश्न

लिंबागणेशसारख्या गावात स्मृतिभ्रंशाची चाळणी मुळीच होत नाही असे मात्र नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्त्या तिशीपुढील व्यक्तींचा ‘सीबॅक’ नावाचा तक्ता भरतात आणि ती माहिती संगणक प्रणालीत जाते. रक्तदाब, मधुमेह व कर्करोगाच्या प्रश्नांबरोबर त्यात साठीपुढच्यांसाठी काही प्रश्न आहेत. त्यातील एक असा: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? उत्तर ‘हो’ आल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते.

प्रश्न चांगला आहे, फक्त तो ज्याला विचारायचा तोच विसरणारा आहे. आपण विसरतो आहोत हेच न उमगणे, हे अनेकदा या आजाराचे लक्षण असते. त्यामुळे सोबत राहणाऱ्याची साक्ष मोलाची ठरते. येथे बीड जिल्ह्याची अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीनंतर लाखो ऊसतोड मजूर कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि कित्येकदा त्यांच्याच भरवशावर सोडलेली नातवंडे. आजीचे दोनदा मीठ घालणे पाहणारी सून त्या काळात फडावर असते.

मात्र हाच वियोग निदानाला उपयोगीही पडू शकतो. रोज पाहणाऱ्याला न जाणवणारा बदल सहा महिन्यांनी परतलेल्याच्या चटकन ध्यानात येतो. नातेवाइकांना विचारायच्या प्रश्नावल्या नेमके हेच विचारतात: पूर्वीच्या मानाने आता कसे? दूरध्वनीवरून घ्यायच्या चाचण्या तर १९८८ पासून अस्तित्वात आहेत. फडावरील सुनेला आरोग्य केंद्रातून केलेला एक फोन हे बीडसाठी सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत उपयुक्त डिजिटल साधन ठरेल.

चाळणी म्हणजे निदान नव्हे

चाळणीचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. समजा, एखादे साधन शंभर रुग्णांपैकी ८५ अचूक ओळखते आणि शंभर निरोगी व्यक्तींपैकी ८५ जणांना निरोगी ठरविते. ऐकायला हे उत्तम वाटते. साठीपुढील हजार लोकांना ते लावले आणि त्यांत ७४ रुग्ण असतील, तर ६३ सापडतील व ११ सुटतील. उरलेल्या ९२६ निरोगी लोकांपैकी सुमारे १३९ जणांनाही यंत्र संशयित ठरवील. म्हणजे बोट दाखविलेल्या २०२ जणांपैकी तिघांत एकही धड रुग्ण नाही. लक्षणे नसलेल्या वृद्धांची सरसकट चाळणी करावी की करू नये, यासाठी पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२० मध्ये म्हटले, ते याच सावधगिरीतून. २०२५ मध्ये तेथे मान्यता मिळालेली अल्झायमरसाठीची रक्तचाचणीदेखील लक्षणे असलेल्यांसाठीच आहे.

गावात चुकीच्या शिक्क्याची किंमत मोठी असते. ‘म्हातारी भ्रमिष्ट झाली’ असे एकदा ठरले की तिचे बोलणे कोणी ऐकत नाही. सातबारावरच्या तिच्या नावाचे आणि निवृत्तिवेतनाच्या पासबुकाचे काय होईल, हे मग घरच्यांच्या नीतीवर राहते. उलट, संशय खरा असून दुर्लक्ष झाले तर हातचा उपाय जातो. कारण विसरण्यामागे दरवेळी अल्झायमर नसतो. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीची मंदता, नैराश्य, काही औषधांचे परिणाम, डोक्याला मार लागून साचलेले रक्त यांमुळेही माणूस विसरू लागतो आणि यांवर उपचार आहेत. तास-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक आलेली भ्रांत हा बहुधा स्मृतिभ्रंश नसून संसर्ग, क्षारांचा असमतोल किंवा पक्षाघात असू शकतो. तेथे अॅप उघडण्यात वेळ न घालविता रुग्णालय गाठावे.

२०२४ च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने चौदा जोखीम घटक सांगून, ते दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा अंदाज दिला. त्या यादीत कमी शिक्षण, बहिरेपणा, उपचाराविना राहिलेली अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि एकाकीपणा आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र यांची गणना कोणी डिजिटल साधनांत करीत नाही, पण चाचणीच्या आधी त्यांची व्यवस्था झाली तर चाचणीही खरी ठरते.

मोबाइलवर चाचणी घेण्यापूर्वी

शहरात राहणाऱ्या आणि गावी आईवडील असणाऱ्या वाचकांना अॅप उतरवून घेण्याचा मोह होणे साहजिक आहे. चाचणी आणि मेंदूचे ‘व्यायाम’ विकणारे खेळ यांत फरक करावा. अशा खेळांनी ऱ्हास टळतो, असा आधार नसलेला दावा केल्याबद्दल ‘ल्युमॉसिटी’च्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले होते. अॅपची चाचणी मराठी भाषकांवर आणि कमी शिकलेल्यांवर पडताळली आहे का, हे पाहावे. तसा उल्लेख नसेल तर गुणांना फार महत्त्व देऊ नये. आवाज, हस्ताक्षर आणि स्मरणशक्तीचे गुण ही खासगी माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचा गाभा संमती हा आहे. ज्याची समज घटते आहे त्याची संमती कोण आणि कशी घेणार, हा प्रश्न अॅपच्या ‘मान्य आहे’ या बटणाने सुटत नाही.

व्हिडीओ कॉलवर आईची परीक्षा घेण्यापेक्षा तिच्याशी गप्पा माराव्यात. काल कोण आले होते, भाजीवाल्याला किती पैसे दिले, शेजारच्या घरातील लग्न कोठवर आले, यातून पुष्कळ कळते. खटकलेले प्रसंग तारखेसह लिहून ठेवावेत. चालू औषधांच्या चिठ्ठ्या, रक्तदाब व साखरेच्या नोंदी आणि ही टिपणे घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्र व तेथून गरजेप्रमाणे जिल्हा रुग्णालय गाठावे. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. आरोग्य केंद्रातून ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेद्वारे तज्ज्ञांचा सल्ला मागता येतो. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे क्रमांक विनाशुल्क आहेत.